तिकडची डबी, इकडचं दार

कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणायचे. सुरुवातीला चिडवायला म्हणत होते, पण त्याने ते नाव इतक्या आनंदाने अंगाला लावून घेतलं, की चिडवणाऱ्यांचीच मजा गेली आणि नाव तेवढं मागे उरलं.

त्याची जागा जोडणीच्या लाइनच्या अगदी शेवटी होती. तयार गाडी तिथे पांढऱ्या दिव्यांखाली येऊन उभी राहायची. काम काय, तर दार उघडायचं, दार लावायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज पटला तर गाडी बाहेर. नाही पटला तर दारावर खडूची फुली आणि गाडी मागे. बाकीचे तपासनीस हे काम उभ्या उभ्या उरकायचे. कानसेन आधी डोळे मिटायचा, मान कलती करायचा, उजवा हात हवेत धरायचा आणि मग डाव्या हाताने दार लोटायचा. बघणाऱ्याला वाटावं, आता हा गाणार. तो गायचा नाही, नुसतं नाक मुरडायचा.

गाडी तरी केवढी म्हणायची? अरुंद गल्लीत शिरावी आणि दोन स्कूटरींच्या मधे मावावी म्हणून काढलेली. पुढे दोघं, मागे दोघं, तेही सडपातळ असले तर. लोक तिला डबी म्हणायचे. ही डबी दोन ठिकाणी बनायची, एक इथे, शहराच्या कडेच्या जुन्या कारखान्यात, आणि दुसरी समुद्रापलीकडे, कंपनीच्या नव्या कारखान्यात. आराखडा एक, पत्रा एक, रंगसुद्धा एकाच ठिकाणाहून यायचा. तरी शहरात तिच्या दोन जाती पडल्या होत्या, इकडची डबी आणि तिकडची डबी. तिकडचीचं दार म्हणे 'धप्प' लागतं आणि इकडचीचं 'खण्ण'. कुठली कोणती, ते दाराच्या चौकटीत खाली बसवलेल्या बोटभर पाटीवर कोरलेलं असायचं. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस किंमत विचारायच्या आधी दार उघडून वाकायचा. पाटी तिकडची निघाली तर चेहरा खुलायचा. इकडची निघाली तर घरी विचारून सांगतो म्हणायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही.

हे मत शहरभर पसरवण्यात ज्यांचा हात होता, त्यात पहिला नंबर कानसेनचा. पगार इकडचा, गुणगान तिकडचं. पानाच्या टपरीवर, कुठल्याही कट्ट्यावर चार माणसं जमली, की हा इकडच्या जोडणीची लक्तरं काढायला बसायचा. आतला माणूसच सांगतोय म्हटल्यावर लोकांनी शंका तरी का घ्यावी?

त्याच लाइनवर, त्याच्या जागेपासून बरंच मागे, दारांना रबर बसवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यात सगळ्यात जुन्या त्या रबरवाल्या बाई. या बाई म्हणजे कानसेनची बायको. दोघं सकाळी एकाच स्कूटरवरून यायची, फाटकाशी उतरायची, आणि आत शिरताच नातं खुंटीला टांगायची. आत तो 'साहेब' आणि त्या 'बाई'. हा नियम कंपनीचा नव्हता, कानसेनचा होता. आपल्यावर कोणी पक्षपाताचा ठपका ठेवू नये, याची त्याला फार काळजी. म्हणून इतरांच्या दारांवर तो अधूनमधून फुली मारायचा आणि बायकोच्या दारांवर मन लावून मारायचा.

बाईंच्या हाताला एक रीत होती. बाकीच्या बायका रबर वरून सुरू करून ताणत ताणत खाली आणायच्या. काम पटकन होतं, पण ताणलेलं रबर रात्रीतून आकसतं आणि कोपऱ्यात फट पडते. बाई रबर ताणायच्याच नाहीत. खालच्या बिजागरीपाशी सुरुवात करायच्या, अंगठ्याने दाबत दाबत चढवायच्या, कोपऱ्यात थोडं सैल सोडायच्या आणि पुन्हा खाली येऊन दोन्ही टोकं बिजागरीच्या आडोशाला जुळवायच्या. तिथे सांधा कोणाच्या नजरेला पडत नाही. या कामाने त्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी निबर झाली होती, की गरम कप त्या बिनदिक्कत उचलायच्या. पण हाताला वेळ लागतो, म्हणून फोरमन कुरकुर करायचा, आणि फुली येते, म्हणून पुन्हा कुरकुर करायचा.

घरी तरी सुटका असावी? कपाट लावलं, की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "खालचा स्क्रू ढिला आहे." फ्रिज लावला, की "रबर गेलंय त्याचं." लेकीला स्थळं यायला लागली, तेव्हा हा माणूस पाहुण्यांच्या घरी चहा घेऊन झाल्यावर उठायचा आणि त्यांची दारं लावून बघायचा. एक चांगलं नोकरीतलं स्थळ त्याने दार चिरकतं म्हणून मोडीत काढलं. लेकीने शेवटी हात टेकले आणि स्वतःचं स्वतः जमवलं. जावई ज्या घरात राहतो तिथे सरकती दारं आहेत. कानसेन तिथे गेला, की अगदी गप्प बसतो.

बाईंना या सगळ्याची सवय झाली होती, म्हणजे निदान त्या तसं म्हणायच्या. पण एक गोष्ट त्यांनी फार पूर्वीच हेरली होती आणि मनात ठेवली होती. बाहेर कोणी कानसेनला गाडी दाखवायला बोलावलं, की तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा, दार उघडायचा, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून वाकायचा, आणि मग उभा राहून डोळे मिटायचा. पाटी आधी, कान नंतर. पाटी तिकडची असली, की दार 'धप्प' वाजायचं. इकडची असली, की 'खण्ण'. बाईंनी एकदा मुद्दाम त्याला नाडीच्या बुटांऐवजी पट्ट्याचे बूट आणून दिले. तेव्हा त्याला गुडघेदुखी सुरू झाली आणि गुडघा चोळायला तो वाकायला लागला.

त्यात साडूने तिकडची डबी घेतली. साडू म्हणजे बाईंच्या ताईचा नवरा, विम्याची कामं करणारा गृहस्थ, ज्याला गाडीत पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळायचं. पण पाटी तिकडची होती. सुट्टी आली, की कानसेन बायकोला मागे बसवून साडूकडे निघायचा. तिथे गाडीचं दार उघडायचा, लावायचा, आणि "वा," म्हणायचा. पुन्हा उघडायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा "वा." ताई खिडकीतून बघायची आणि बहिणीला म्हणायची, तुझा नवरा आमच्या गाडीला फार जीव लावतो बाई. बाई हसायच्या. परत येताना स्कूटरवर त्यांना वाटायचं, आपण इतकी वर्षं इतकी दारं लावली, त्यातल्या एकालाही हा माणूस एकदासुद्धा वा म्हणालेला नाही. मग त्या स्वतःला समजवायच्या, जाऊ दे, पगार वेळेवर होतो.

आणि नेमका तोच पगार एके दिवशी धोक्यात आला. नवीन डबी निघणार होती आणि हेड ऑफिसने ठरवलं, की ती एकाच ठिकाणी बनवायची. जिथे जोडणी चांगली, तिथे. दुसऱ्या कारखान्याला टाळं. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी जेवणाचे डबे तसेच परत गेले. बाईंच्या मनात हिशेब सुरू झाला. या वयात दुसरीकडे कोण घेणार? हातात एकच कला, आणि ती कला जगात दोनच ठिकाणी चालते, त्यातलं एक समुद्रापलीकडे. रबरच्या तुकडीतल्या निम्म्या बायकांची घरं त्यांच्या एकटीच्याच पगारावर चालायची. आणि कारखाना बंद झाला तर दिवसभर घरी कानसेनबरोबर बसावं लागणार, हा विचार बाईंनी केला आणि लगेच बाजूला सारला. सगळ्याच संकटांचा एकदम विचार करायचा नसतो.

कानसेनला मात्र चिंता शिवलीही नव्हती. तो म्हणाला, तिकडेच जाणार, त्यात विचार करण्यासारखं आहेच काय. जणू हा स्वतः त्या कारखान्याच्या पगारपत्रकावर होता.

हेड ऑफिसचे मोठे साहेब स्वतः आले. त्यांच्या माणसांनी आधी फटी मोजल्या, कोन मोजले, पाणी मारून बघितलं. आकडे दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच आले. मोठे साहेब म्हणाले, गिऱ्हाईक काही मोजपट्टी घेऊन येत नाही, ते दार लावून बघतं. इथे कोणी चांगल्या कानाचा माणूस आहे का? आहे की, फोरमन म्हणाला, आमच्याच माणसांना झोडपणारा आहे, तेव्हा आमची बाजू घेईल ही भीतीच नको. 

दिव्यांखाली दोन डब्या उभ्या केल्या. रंग तोच, चाकं तीच. चौकटीतल्या पाट्यांवर काळी चिकटपट्टी लावलेली. लाइन थांबवून सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. बाई तुकडीतल्या बायकांबरोबर पुढेच उभ्या होत्या.

कानसेन इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने सवयीने पहिल्या गाडीभोवती चक्कर मारली, दार उघडलं, गुडघा चोळायला वाकला आणि काळी पट्टी बघून तसाच वर आला. क्षणभर त्याचा चेहरा परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा झाला. मग त्याने डोळे मिटले, हात हवेत धरला, दार लोटलं. पुन्हा लोटलं. 

तो दुसऱ्या गाडीकडे गेला आणि त्याने दार सताड उघडलं. बाईंची नजर खालच्या बिजागरीवर गेली. रबराची दोन्ही टोकं बिजागरीच्या आडोशाला जुळवलेली होती. कोपऱ्यात रबर थोडं सैल, ताण कुठेच नाही. पाटी झाकलेली असो नाही तर नसो, स्वतःच्या हाताचं काम माणसाला ओळखायला येतंच.  बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला, पण तोंडातून ब्र काढला नाही.

कानसेनने दार लोटलं. आवाज मऊ आला, भरीव आला, आणि तिथेच संपला. त्याने पुन्हा लोटलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ते भाव आले, जे बाईंनी आजवर फक्त साडूच्या अंगणात पाहिले होते.

"वा," तो म्हणाला. "ही. याला जोडणी म्हणतात. हे हात इकडचे नाहीत, साहेब. इकडच्या बायकांना असं रबर सात जन्मांत बसवता यायचं नाही."

बाईंना एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा वा मिळाला होता आणि त्याच दमात सात जन्मांची लायकीही काढली गेली होती.

मोठ्या साहेबांच्या माणसाने पट्टी सोलली आणि पाटी वाचली. इकडची.

आधी कोणाला खरं वाटेना. मग बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, फोरमनने घाम पुसला, बोल्ट आवळणाऱ्यांनी पान्हे लोखंडावर वाजवले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि त्या गलक्यात कानसेन हात वर करून म्हणाला, "थांबा."

तो वाकला. त्याने पाटी स्वतः वाचली, वरून बोट फिरवून बघितलं. मग उभा राहून त्याने डोळे मिटले आणि दार लोटलं.

"आता नीट ऐकलं, तर शेवटाला जरा चिरकतंय," तो म्हणाला.

गलका एकदम थांबला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मघाशी चिरकत नव्हतं?"

"मघाशी पाटी झाकलेली होती," कानसेन म्हणाला.

तो हे थट्टेने म्हणाला नव्हता. त्याला ते अगदी सरळ, समजूतदार उत्तर वाटलं होतं. म्हणूनच कोणाला हसता आलं नाही. मोठे साहेब त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, एखादा सुटा भाग नेमका कुठे लागतो हे कळत नसावं तसे. मग वही मिटून चहाला गेले. त्यांच्या मागून सगळे पांगले. कोणी कानसेनला शिव्याही दिल्या नाहीत.  दाराशी आलेली भाकरी या माणसाने स्वतःच्या हाताने लाथाडली होती, आणि तीही तत्त्व म्हणून.

संध्याकाळी घरी कानसेन नेहमीपेक्षा खुशीत होता. आपण साहेबांसमोरही डगमगलो नाही, इकडच्यांची भीड ठेवली नाही, याचं त्याला कौतुक वाटत होतं. बाईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि समोर बसल्या.

"अहो, ते दार माझं होतं," त्या म्हणाल्या.

कानसेनने कप खाली ठेवला. मग म्हणाला, कोणाचं का असेना, मी निःपक्षपाती माणूस आहे.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत, त्याचं मला काही नाही. दार आहे, चेहरा थोडाच आहे. पण इकडचं आहे हे कळल्यावर नाकारलंत, ते मला लागलं. फार लागलं."

 बाई उठल्या, कप विसळून कपाटात ठेवला आणि कपाट असं आदळलं, की वरच्या फळीवरची भांडी हलली. आतल्या खोलीतून, किंवा बाहेरच्या, कुठूनच स्क्रूबद्दल काही ऐकू आलं नाही.

निर्णय यायला वेळ लागला, पण आला तो बरा आला. नवीन डबी इकडेच बनणार. मोठ्या साहेबांनी कळवलं होतं, की पट्टी सोलण्याआधी जे ऐकू आलं तेच आम्ही धरलं आहे. सोबत आणखी एक ओळ होती. शेवटच्या तपासणीला यापुढे माणूस नको, यंत्र बसवावं. आणि ते यंत्र तिकडच्या कारखान्यात तयार आहे, तिथून पाठवत आहोत.

यंत्र आलं. दाराशेजारी उभं राहायचं, एक बारीकसा कान पुढे काढायचं, आणि आवाज पटला तर हिरवा दिवा लावायचं. पाटी वाचायची सोय त्यात नव्हती. कानसेनला तक्रार करायलाही जागा उरली नाही, कारण वस्तू तिकडची होती. तो पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभा राहिला आणि बांधणी मात्र सुरेख आहे, एवढं म्हणाला. मग फोरमनने त्याला मागे पाठवलं, रबरच्या तुकडीत. तुकडीची प्रमुख आता कोण होती हे सांगायला नकोच.

फाटकाशी नातं खुंटीला टांगायचा नियम त्याचाच होता, त्यामुळे तो मोडायला कोणाची हरकत नसती, पण बाईंनी मोडला नाही. "साहेब" मात्र गळालं. त्याने बाई म्हणायचं, त्यांनी नुसतं तुम्ही म्हणायचं. त्यांनी त्याला रीत शिकवली. खालून सुरू करा, ताणू नका, कोपऱ्यात सैल सोडा, टोकं बिजागरीमागे घ्या. त्याची बोटं मऊ होती, खडूची सवय असलेली. पहिले काही दिवस तो रबराशी झटापट करायचा आणि तुकडीतल्या बायका दुसरीकडे बघून हसायच्या.

मग एके सकाळी त्याचं एक दार हिरव्या दिव्याने पास झालं. कानसेन यंत्रापासून धावतच आला. कपाळावर घाम, सदऱ्याला रबराची काळी पूड, आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा उतावीळपणा. त्याला दिव्यावर भागणार नव्हतं.

"बाई, जरा ऐकता का?"

बाई गेल्या. त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली, उजवा हात हवेत धरला. बायकांनी कामं थांबवली. बाईंनी दार लोटलं, आणि ते खरोखरच चांगलं लागलं. मग त्यांनी डोळे उघडले, गुडघा चोळला, वाकल्या आणि पाटी वाचली.

"इकडची दिसतेय," त्या म्हणाल्या. "काढा. परत लावा."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कानसेनचे दोन्ही कान लाल झाले. त्याने रबर सोडवलं आणि खाली बसून बिजागरीपासून पुन्हा सुरुवात केली. बाईंना आपली फेड झाली असं वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण त्याची मऊ बोटं कोपऱ्यात चाचपडताना बघून त्यांना राहवेना. त्याचं झाल्यावर त्या पुन्हा गेल्या, डोळे न मिटता, पाटीकडे न बघता दार लोटलं आणि म्हणाल्या, "छान झालंय."

"खरंच?" कानसेनने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला तो दार उगीचच पुसायला लागला.

बाई बघत राहिल्या. दोनच तर शब्द होते. तोंडातून निघायला क्षण लागला नव्हता, आणि माणूस उजळून निघाला होता. इतकं सोपं होतं हे. इतकी वर्षं हे इतकं सोपं होतं. तेव्हा त्यांना त्याचा खरा राग आला, त्या संध्याकाळी आला होता त्याहूनही मोठा, आणि तो राग घेऊन त्या पुढच्या दाराकडे वळल्या.